दोन विमानतळांमधला तास

व्हिएन्नाच्या विमानतळापासून ब्रातिस्लाव्हाच्या विमानतळापर्यंत नकाशावर सरळ रेघ ओढली, तर ती सुमारे ४८ किलोमीटरची भरते. रस्त्याने गेलं की साठ-पासष्ट. पुण्याहून लोणावळ्याला जायला जेवढा रस्ता कापावा लागतो, जवळपास तेवढाच. विमानाला एवढं अंतर म्हणजे दहा मिनिटांचं काम. पण आज या दोन विमानतळांमध्ये नियमित प्रवासी विमान नाही आणि त्याची गरजही नाही. दारातून बस सुटते आणि एक ते सव्वा तासात दुसऱ्या विमानतळाच्या दारात आणून सोडते. मध्ये देश बदलतो, भाषा बदलते, रस्त्यावरच्या पाट्या बदलतात. बस मात्र वेगही कमी करत नाही.

हा तास मला फार मोलाचा वाटतो. कारण इथलं अंतर गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत तसूभरही हललेलं नाही, आणि ते कापायला लागणारा वेळ मात्र सतत बदलत राहिला. कधी संध्याकाळी जाऊन रात्री परत येण्याइतका तो थोडा होता. कधी तो चाळीस वर्षांचा झाला. या टापूत प्रवासाचा वेळ किलोमीटरने ठरला नाही, सीमेने ठरवला.

आधी रोजचा प्रवास सांगतो. युरोपात येणाऱ्या मराठी माणसाला हा पट्टा आता अनोळखी राहिलेला नाही. ब्रातिस्लाव्हाहून पुढे नित्रा नावाचं गाव आहे; तिथे टाटा मोटर्सच्या मालकीच्या जग्वार लँड रोव्हरचा कारखाना २०१८ मध्ये सुरू झाला. त्या निमित्ताने येणारा पुण्या-मुंबईचा अभियंता बहुधा व्हिएन्नालाच उतरतो. शिवाय ब्रातिस्लाव्हाहून स्वस्त विमानसेवा चालतात, त्यामुळे लांबचं विमान व्हिएन्नापर्यंत आणि तिथून पुढचा युरोप ब्रातिस्लाव्हाहून, असा बेत पुष्कळ जण आखतात. माझी भाची नित्राला असते. पहिल्यांदा मी तिला फोनवर विचारलं, तेव्हा तिने एका दमात सांगून टाकलं होतं, "मामा, रेल्वेच्या भानगडीत पडू नकोस. बाहेर ये, बस पकड. पासपोर्ट बॅगेत तळाशी टाकू नकोस, वरच्या खिशात ठेव."

तिचं म्हणणं बरोबर होतं. आगमन कक्षातून बाहेर पडलं की बसचे फलाट समोरच दिसतात. स्लोव्हाक लाइन्स, रेजिओजेट, फ्लिक्सबस अशा कंपन्यांच्या गाड्या इथे थांबतात, आणि दिवसा फार ताटकळावं लागत नाही. सामान पोटातल्या कप्प्यात ढकलून चालक तिकीट पाहतो आणि गाडी ए-४ महामार्गाला लागते. डाव्या-उजव्या बाजूला सपाट शेती, आणि पुढे पारन्डॉर्फच्या माळावर पवनचक्क्यांचं रान. हा माळ वाऱ्याचाच आहे. उभ्या पिकावरून वारा सतत लोळत असतो. ब्रुकनॉयडॉर्फजवळ रस्ता फुटतो, बस डावीकडे ए-६ वर वळते, आणि बावीसेक किलोमीटरने किटसे हे ऑस्ट्रियाचं शेवटचं गाव येतं. तिथून समोर पाहिलं की क्षितिजावर एकाएकी उंच इमारतींची भिंत उभी राहते. ती पेत्र्झाल्का, ब्रातिस्लाव्हाची डॅन्यूबच्या अलीकडची वसाहत. लाखभर माणसं तिथे राहतात.

या बसमध्ये पर्यटकांपेक्षा कामाची माणसं जास्त असतात. एकदा माझ्या शेजारी साठीच्या घरातल्या एक बाई बसल्या होत्या. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत लोकरीचे गुंडे आणि डब्यात भाजलेल्या पोळीसारखं काहीतरी. अर्धी जर्मन, अर्धी इंग्रजी, उरलेलं हातवाऱ्यांनी, असं आमचं बोलणं झालं. व्हिएन्नाजवळच्या एका घरात त्या नव्वदीतल्या आजींची देखभाल करत होत्या. दोन आठवडे तिथे मुक्काम, मग दोन आठवडे स्वतःच्या घरी. त्या परतल्या की त्यांच्या जागी त्यांच्याच गावातली दुसरी बाई जाते. ऑस्ट्रियातल्या हजारो वृद्धांची घरं अशा स्लोव्हाक आणि रोमानियन बायकांच्या पाळ्यांवर चालतात. २००७ मध्ये ऑस्ट्रियाने या कामासाठी स्वतंत्र कायदाही केला. २०२० च्या वसंतात साथीमुळे सीमा बंद झाली, तेव्हा या पाळ्या कोलमडल्या. दोन आठवड्यांसाठी गेलेल्या कित्येक जणी पुढचे कित्येक आठवडे तिथेच अडकून पडल्या. "घर दिसत होतं," त्या म्हणाल्या. आजींचं घर टेकडीवर होतं, आणि हवा स्वच्छ असली की तिथून ब्रातिस्लाव्हाच्या बाजूचे डोंगर नजरेला पडत.

हा सुरळीत तास तसा अलीकडचा. ए-६ महामार्ग २००७ च्या नोव्हेंबरात खुला झाला आणि महिन्याभरात, २१ डिसेंबर २००७ ला, स्लोव्हाकिया शेंगेन क्षेत्रात आला. त्या दिवसापासून जमिनीवरच्या सीमेवर पासपोर्ट दाखवणं संपलं. विमानतळांवरची तपासणी आणखी तीन महिन्यांनी, मार्च २००८ च्या अखेरीस गेली. १ जानेवारी २००९ पासून स्लोव्हाकियात युरो आला, म्हणजे पाकिटातली नाणीही बदलावी लागेनात. त्याआधी भारतीय प्रवाशाला या दोन विमानतळांमधून जायचं तर दोन वेगळे व्हिसा काढावे लागत. साठ किलोमीटरसाठी दोन दूतावासांचे उंबरे, दोनदा कागद, दोनदा फोटो. त्या काळात इथून गेलेल्या आपल्या माणसांना तासाचा प्रवास आणि महिन्याची तयारी ही गोष्ट नीट आठवत असेल.

मागच्या खेपेला माझं पुढचं विमान ब्रातिस्लाव्हाहून रात्री उशिरा होतं आणि पाठीवर एकच सॅक होती. म्हणून बस सोडून दिली आणि विमानतळाच्या पोटातल्या स्थानकावर एस-७ लोकल धरली. पाटीवर शेवटचं स्थानक लिहिलेलं असतं, वोल्फस्थाल. बहुतेक प्रवासी उलट्या दिशेच्या, व्हिएन्ना शहराकडे जाणाऱ्या गाडीत बसतात. वोल्फस्थालच्या गाडीत शाळेची मुलं, सायकलवाले आणि बाजार करून परतणारे गावकरी.

या रुळांची गोष्ट मला आधीपासून खुणावत होती. ५ फेब्रुवारी १९१४ ला व्हिएन्ना ते प्रेसबुर्ग अशी विजेवरची रेल्वे सुरू झाली. प्रेसबुर्ग म्हणजे आजचं ब्रातिस्लाव्हा. हंगेरियन लोक त्याला पोझोनी म्हणत. दोन्ही शहरांच्या आत ही गाडी ट्रामसारखी रस्त्यातून चाले आणि मधल्या शेतांतून आगगाडीसारखी पळे. शहरातली वीज एकदिश, मधल्या टप्प्यातली प्रत्यावर्ती. त्यामुळे श्वेखाटला एकदा आणि पलीकडे किटसेला पुन्हा, असं दोनदा इंजिन बदलावं लागे. तरीही लोकांना ती घरची गाडी वाटायची. फ्रान्झ जोसेफ पुलावरून डॅन्यूब ओलांडून ती थेट प्रेसबुर्गच्या गावात शिरे. प्रेसबुर्गची माणसं संध्याकाळी व्हिएन्नाला ऑपेरा ऐकायला जात आणि रात्री आपल्या अंथरुणात झोपायला येत, असं ब्रातिस्लाव्हात अजून सांगतात. एकच साम्राज्य, एकच नाणं, मध्ये कुणी हटकणारं नाही.

एस-७ त्याच रेल्वेचा उरलेला तुकडा आहे.

विमानतळ सोडल्यावर लगेच फिशामेंड लागतं. छोटं, शांत गाव. पण ऑस्ट्रिया-हंगेरीच्या लष्कराचा हवाई तळ इथे होता. २० जून १९१४ ला इथल्या आकाशात एका लष्करी वायुपोताला विमान धडकलं आणि दोन्हींतली मिळून नऊ माणसं गेली. त्यानंतर त्या साम्राज्याने वायुपोतांचा नाद सोडलाच. आठ दिवसांनी सारायेव्होत गोळी झाडली गेली. आजच्या विमानतळाचं मूळही लष्करीच. १९३८ मध्ये हाइडफेल्ड नावाचा तळ म्हणून तो उभा राहिला. आज त्याच्या दोन धावपट्ट्या साडेतीन किलोमीटर आणि त्याहून थोड्या लांब आहेत. लोकलच्या खिडकीतून विमानं उतरताना इतकी खाली दिसतात, की चाकं मोजावीत.

पुढे मारिया एलेंड, हास्लाऊ, रेगेल्सब्रुन अशी स्थानकं येतात. डावीकडे झाडांच्या दाट पट्ट्यामागे डॅन्यूब. ती झाडं तिथे आहेत ती माणसांनी वाचवली म्हणून. १९८४ च्या डिसेंबरात हाइनबुर्गजवळ मोठं जलविद्युत धरण बांधण्यासाठी हे पूरवन तोडायला सुरुवात होणार होती. हजारो लोक कडाक्याच्या थंडीत जंगलात जाऊन राहिले, तंबू ठोकले, शेकोट्या पेटवल्या, पोलिसांचा मार खाल्ला. शेवटी सरकारने नाताळच्या तोंडावर काम थांबवलं, आणि ते धरण पुन्हा कधी झालं नाही. १९९६ मध्ये या सगळ्या पट्ट्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. नर्मदेच्या काठी आपल्याकडे जे घडलं ते ज्यांच्या मनातून गेलेलं नाही, त्यांनी या स्थानकांपैकी कुठेही उतरून नदीपर्यंत चालत जावं. पाणी संथ, हिरवट, आणि पडलेल्या ओंडक्यांवर पक्षी.

मी उतरलो पेट्रोनेल-कार्नुन्टुमला. हे रोमन साम्राज्याच्या वरच्या पॅनोनिया प्रांताचं मुख्य शहर. बाल्टिककडून येणारा अंबर नावाच्या मौल्यवान राळेचा व्यापारी मार्ग इथे डॅन्यूबला मिळायचा. इसवी सन १९३ मध्ये सेप्टिमियस सेव्हेरसला सैन्याने सम्राट जाहीर केलं ते इथेच. त्याच्याही आधी सम्राट मार्कस ऑरेलियस उत्तरेकडच्या टोळ्यांशी लढताना इथे तळ ठोकून होता, आणि त्याच्या आत्मचिंतनपर लिखाणातल्या एका भागाशी कार्नुन्टुमचं नाव जोडलेलं आहे. म्हणजे त्या काळीही हा टापू सीमेचाच. डॅन्यूब ही रोमची कुंपणरेषा होती. अलीकडे कायदा आणि गरम पाण्याची स्नानगृहं, पलीकडे अनोळखी मुलूख. २०२१ मध्ये युनेस्कोने या रोमन सीमारेषेच्या पश्चिम भागाला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, त्यात कार्नुन्टुमही आहे.

इथली काही रोमन घरं पुन्हा मूळ पायावर, त्या काळच्या पद्धतीने उभी केली आहेत. मला त्यातली जमीन फार आवडली. घराखाली पोकळी, त्यात विटांचे बुटके खांब, आणि बाहेरच्या भट्टीतली धग त्या पोकळीतून फिरते. बाहेर वाऱ्याने कान बधिर झाले होते. आत येऊन जमिनीवर तळहात टेकवला तर ती तव्यासारखी नव्हे, नुकत्याच उठलेल्या माणसाच्या अंथरुणासारखी कोमट होती. स्वयंपाकघरात मातीची भांडी, सुकवलेल्या वनस्पतींच्या जुड्या, जातं. जात्याजवळ मी बराच वेळ रेंगाळलो. वरची तळी आणि खालची तळी, मध्ये खुंटा, बाजूला धरायला दांडा. आजीच्या हाताला ते चटकन ओळखू आलं असतं.

पुढची गाडी धरून हाइनबुर्ग. या गावाभोवती मध्ययुगीन तटबंदी अजून उभी आहे आणि रस्ता आजही तिच्या दरवाजातून आत शिरतो. इंग्लंडचा राजा रिचर्ड धर्मयुद्धावरून परतताना ११९२ मध्ये व्हिएन्नाजवळ पकडला गेला. त्याला सोडायला जी प्रचंड खंडणी मिळाली, तिचा काही भाग या तटाच्या बांधकामाला लागला. संगीतकार योझेफ हायडन पाच-सहा वर्षांचा असताना गाणं शिकायला याच गावात नातेवाइकाकडे राहिला होता. त्याचं जन्मगाव रोराऊ इथून फार दूर नाही.

आज हाइनबुर्गच्या बाजारात कान दिला तर जर्मनइतकीच स्लोव्हाक ऐकू येते. ब्रातिस्लाव्हात घरं महागली, तेव्हा तिथली तरुण कुटुंबं सीमा ओलांडून हाइनबुर्ग, वोल्फस्थाल, किटसे या ऑस्ट्रियन गावांत राहायला आली. नोकरी ब्रातिस्लाव्हात, घर ऑस्ट्रियात, मुलं जर्मन शाळेत. राजधानीचं उपनगर दुसऱ्या देशात, हे इथे आता कुणाला नवल वाटत नाही.

मला वाटतं, आणि वाटत राहील. कारण हाच तो रस्ता. १० डिसेंबर १९८९ ला, चेकोस्लोव्हाकियातली हुकूमशाही ढासळत असताना, ब्रातिस्लाव्हाहून हजारो लोक पायी निघाले आणि बेर्गचं सीमानाकं ओलांडून हाइनबुर्गपर्यंत आले. 'आहोय युरोपा' म्हणजे 'नमस्कार, युरोप' असं त्या मोर्च्याचं नाव होतं. म्हातारी माणसं, खांद्यावर पोरं घेतलेले बाप. त्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष गुस्ताव हुसाक यांनी राजीनामा दिला. ब्रातिस्लाव्हातून हाइनबुर्ग पंधरा किलोमीटरच्या आसपास. पायी तीन-चार तासांची वाट. त्यातल्या अनेकांच्या बाबतीत ती वाट चालून यायला चाळीस वर्षं लागली होती.

त्या चाळीस वर्षांत पेत्र्झाल्काच्या गच्चीवरून ऑस्ट्रियातली शेतं स्पष्ट दिसत. ब्रातिस्लाव्हातली माणसं घरात बसून व्हिएन्नाची दूरचित्रवाणी पाहत; लहरींना कुंपण अडवू शकत नव्हतं. माणसांना मात्र विजेची तार, नांगरून ठेवलेला पट्टा, कुत्री आणि बंदुका होत्या. डॅन्यूबला मोराव्हा नदी मिळते त्या संगमावर देव्हीनचा पडका किल्ला आहे. १८०९ मध्ये नेपोलियनच्या सैन्याने सुरुंग लावून तो उडवला. त्याच्या पायथ्याशी आज एक स्मारक आहे, गोळ्यांनी जागोजाग भोकं पाडल्यासारखी कमान. सीमा ओलांडताना मारल्या गेलेल्या सुमारे चारशे माणसांसाठी ते उभारलं आहे. पाण्याच्या पलीकडे ऑस्ट्रिया. पोहणाऱ्याला तिथे पोचायला काही मिनिटं लागली असती.

याच रस्त्यावर त्याहून जुनी एक रात्र आहे. पेत्र्झाल्काला त्या वेळी एंगेराऊ म्हणत आणि तो भाग जर्मनीने १९३८ मध्ये गिळला होता. महायुद्धाच्या शेवटी तिथल्या छावणीत हंगेरियन ज्यूंना खंदक खणायला जुंपलं होतं. २९ मार्च १९४५ च्या रात्री त्यांना वोल्फस्थाल, हाइनबुर्गमार्गे बाड डॉयच-आल्टेनबुर्गपर्यंत पायी पिटाळलं गेलं. जे चालू शकले नाहीत त्यांना वाटेत गोळ्या घातल्या. एका रात्रीत शंभरावर माणसं मेली. युद्ध संपल्यावर व्हिएन्नाच्या लोकन्यायालयाने चालवलेला पहिला खटला याच छावणीचा. लोकल या गावांतून जाते तेव्हा प्रत्येक थांबा एक-दोन मिनिटांचा असतो, आणि मला त्या एक-दोन मिनिटांत खिडकीतून रस्त्याकडे पाहणं जड गेलं.

वोल्फस्थालला रूळ संपतात. विमानतळापासून इथवर न उतरता आलात तर पाऊण तास. पुढे रेल्वे नाही. पहिल्या महायुद्धानंतर इथे सीमा आली आणि गाडीचे हाल सुरू झाले. दुसरं महायुद्ध संपताना ती सीमापार जायची ती कायमची थांबली. मग या शेवटच्या तुकड्यातले रूळही गेले. ब्रातिस्लाव्हा इथून दहाएक किलोमीटरवर आहे. ती रेल्वे पुन्हा जोडायची चर्चा अनेक वर्षं चालू आहे, आणि ती जोडली जावी असं मला मनापासून वाटतं. एकाच रुळावर बसून व्हिएन्नाच्या विमानतळाहून ब्रातिस्लाव्हाच्या गावात उतरता यावं. मी गेलो तेव्हा पुढे ९०१ क्रमांकाची बस होती. ब्रातिस्लाव्हाच्या नगर परिवहनाची ही गाडी हाइनबुर्गपर्यंत येई. साधी शहरी बस, उभं राहायच्या कड्या लटकलेल्या. बेर्गचं ते जुनं नाकं ती न थांबता ओलांडे आणि अर्ध्या तासाच्या आत स्लोव्हाक राष्ट्रीय उठावाच्या पुलापाशी सोडे.

हा पूल १९७२ मध्ये पुरा झाला. एकाच खांबावर तोललेला, आणि खांबाच्या डोक्यावर तबकडीसारखं उपाहारगृह. त्याच्यासाठी जुन्या गावाचा मोठा भाग पाडला, त्यात एक देखणं सिनेगॉगही गेलं. संत मार्टिनच्या कॅथेड्रलला तर रस्ता जवळजवळ खेटून जातो. याच कॅथेड्रलमध्ये १५६३ ते १८३० या काळात हंगेरीच्या राजा-राण्यांचे राज्याभिषेक झाले. मारिया तेरेसाचा १७४१ मध्ये. मनोऱ्याच्या टोकावर अजून सोन्याचा मुलामा दिलेला मुकुट आहे.

गावातून विमानतळ नऊ-दहा किलोमीटर. मुख्य रेल्वे स्थानकापासून ६१ क्रमांकाची बस जाते. विमानतळाला नाव आहे मिलान रास्तिस्लाव श्तेफानिक यांचं, आणि हे नाव नुसतं सन्मानासाठी दिलेलं नाही. श्तेफानिक पेशाने खगोलशास्त्रज्ञ, पुढे फ्रेंच सैन्यात वैमानिक आणि जनरल झाले, आणि मासारिक आणि बेनेश या नेत्यांबरोबर चेकोस्लोव्हाकियाच्या स्थापनेसाठी देशोदेशी फिरले. नव्या राष्ट्राचे ते पहिले युद्धमंत्री. ४ मे १९१९ ला ते इटलीतल्या उदिनेजवळच्या कांपोफोर्मिदोहून काप्रोनी विमानाने मायदेशी निघाले. सोबत तीन इटालियन सैनिक. ब्रातिस्लाव्हाच्या वेशीवर, उतरायच्या आधी, इव्हान्का गावाजवळ विमान कोसळलं आणि चौघेही गेले. एकोणचाळिसाव्या वर्षाच्या आत आयुष्य संपलं. ती जागा आजच्या विमानतळाला लागून आहे. तिथे स्मारक आहे. स्वतंत्र देशाच्या मातीवर पाऊल ठेवायला त्यांना काही मिनिटंच उरली होती.

दोन विमानतळांच्या आकारात केवढी तफावत आहे ते आकड्यांवरून कळतं. २०१९ मध्ये व्हिएन्नाहून ३ कोटी १६ लाखांवर प्रवासी गेले-आले. ब्रातिस्लाव्हाहून सुमारे २३ लाख. धावपट्ट्या दोन्हींकडे दोन-दोन. २००६ मध्ये व्हिएन्ना विमानतळाचा सहभाग असलेल्या समूहाला ब्रातिस्लाव्हाचा विमानतळ विकायचं ठरलं होतं, पण स्लोव्हाकियात सरकार बदललं आणि तो व्यवहार रद्द झाला. शेजारी मोठा असला की लहानाला स्वतःचं दार राखावंसं वाटतं, आणि त्यात मला गैर दिसत नाही. ब्रातिस्लाव्हाची स्वतःची विमान कंपनी स्काययुरोप मात्र २००९ च्या सप्टेंबरात दिवाळखोरीत गेली. लहान विमानतळाचा एक फायदा प्रवाशाला लगेच जाणवतो: बसमधून उतरून सुरक्षा तपासणीपर्यंत चालायला दोन-तीन मिनिटं पुरतात.

आता या वाटेने जाणाऱ्यांसाठी थोडं व्यवहाराचं. दोन विमानांची तिकिटं वेगळी असतील, तर एक चुकलं म्हणून दुसरी कंपनी थांबत नाही. व्हिएन्नात सामान मिळायला आणि इमिग्रेशनला लागणारा वेळ, बसची वाट, एक ते सव्वा तासाचा रस्ता आणि पुढच्या विमानतळावरचं आधी पोचणं हे सगळं धरून उतरणं आणि उडणं यांच्यात पाच तास तरी हाताशी असावेत. सकाळ-संध्याकाळ पेत्र्झाल्काजवळ आणि डॅन्यूबच्या पुलांवर गाड्यांची रांग लागते. भारतीय पासपोर्टवर एका विमानतळाहून दुसऱ्याकडे जाणं म्हणजे शेंगेनमध्ये प्रवेश करणं. नुसत्या विमानतळ-संक्रमणाच्या परवानगीवर बाहेर पडता येत नाही. शेंगेन व्हिसा हवाच, आणि पुन्हा बाहेर जाऊन परत येणार असाल तर तो एकाहून अधिक प्रवेशांचा हवा. सीमा खुली असली तरी तपासणी अधूनमधून परत येते. २०२२ च्या शरदात ऑस्ट्रियाने स्लोव्हाक सीमेवर ती पुन्हा सुरू केली होती. तेव्हा भाचीचा वरच्या खिशाचा सल्ला आजही पाळावा. ज्यांना निवांत वेळ आहे त्यांच्यासाठी व्हिएन्ना आणि ब्रातिस्लाव्हाच्या दरम्यान डॅन्यूबवरून वेगवान बोटही चालते. प्रवाहाबरोबर जाताना सव्वा तास लागतो. आणि नित्राला जायचं असेल तर विमानतळापर्यंत जाऊच नये. बस ब्रातिस्लाव्हात निवी स्थानकावर थांबते, २०२१ मध्ये बांधलेल्या नव्या इमारतीत. नित्राची गाडी तिथल्याच तळघरातल्या फलाटावरून मिळते.